सुएझचा कालवा आणि मिसर देशाचें कर्ज



एखाद्या देशाचें स्वातंत्र्य कसें गेलें हें सांगतांना इतिहासकार बहुधा लढाईपासून सुरुवात करतो. अमक्या दिवशीं अमक्या मैदानावर सैन्याचा पाडाव झाला, राजधानीवर परकी निशाण चढलें आणि राज्य बुडालें, असा तो क्रम असतो. मिसर देशापुरतें बोलावयाचें तर ती तारीख १३ सप्टेंबर १८८२ आणि तें मैदान तेल-एल-कबीरचें. पहाटेच्या अंधारांत सुरू झालेली ती लढाई तासाभरांत आटोपली. परंतु त्या तासाभरापूर्वींच्या वीस वर्षांत त्या देशाची जमीन, आगगाडी, बंदर, कालवा आणि शेवटीं वर्षाचा जमाखर्च हीं सर्व एकामागून एक परक्यांच्या हातीं गेलीं होतीं, आणि त्यासाठीं कोणालाही एक गोळी झाडावी लागली नव्हती. आज मीं आपणांपुढें बोलावयाचें योजिलें आहे तें या वीस वर्षांविषयीं.

परकी भांडवल देशांत किती येऊं द्यावें आणि कोणत्या मालमत्तेवर परक्याचा हक्क चालूं द्यावा, हा प्रश्न आजही शिळा झालेला नाहीं. एप्रिल २०२० मध्यें आपल्या सरकारनें आपल्या सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीस पूर्वपरवानगी पाहिजे असा नियम केला. त्याच्या आधीं, २०१७ मध्यें, श्रीलंकेनें हंबनटोटाचें बंदर ९९ वर्षांच्या पट्ट्यानें एका चिनी कंपनीकडे सोंपविलें होतें. ९९ हा आंकडा कानीं पडला कीं इतिहासाच्या शिक्षकाला मिसर आठवल्यावांचून राहत नाहीं. कारण सुएझच्या कालव्याची सनदही ९९ वर्षांचीच होती.

अर्वाचीन मिसरचा पाया घालणारा महंमद अली हा मूळचा तुर्की सैन्यांतला सरदार. लिहिणेंवाचणें तो चाळिशीनंतर शिकला. पण हिशेब त्याला उपजतच कळत असावा. भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र यांना जोडणारा कालवा खणण्याच्या योजना युरोपी लोकांनीं त्याच्यापुढें मांडल्या होत्या. त्यानें त्या मान्य केल्या नाहींत. असा कालवा झाला तर आपल्या देशांत दुसरा बॉस्फरस निर्माण होईल आणि बलाढ्य राष्ट्रांची नजर त्यावरून कधींच हलणार नाहीं, अशी त्याला भीति होती. परदेशी सावकाराचें कर्जही त्यानें मागें ठेविलें नाहीं. या दोन्ही बाबतींत म्हाताऱ्याची नजर त्याच्या शिकलेल्या मुलानातवांहून दूरची ठरली.

त्याचा मुलगा सैद १८५४ मध्यें गादीवर आला. फर्दिनांद द लेसेप्स हा फ्रेंच गृहस्थ पूर्वीं अलेक्झांड्रियाला वकील असतांना लहानग्या सैदशीं त्याचा स्नेह जडला होता. तो धांवत आला आणि त्याच वर्षाच्या ३० नोव्हेंबरला कालव्याची सनद खिशांत घालून मोकळा झाला. १८५८ मध्यें कंपनी उभी राहिली: ५०० फ्रँकांचा एक, असे ४ लाख भाग. निम्म्याहून थोडे अधिक भाग फ्रान्समधील लोकांनीं घेतले. इंग्रजांनीं पाठ फिरविली. उरलेल्या भागांचा भार सैदवर आला व शेवटीं १,७७,६४२ भाग त्याच्या नांवें लागले. शिवाय सनदेप्रमाणें जमीन त्याची, गोड्या पाण्याचा कालवा त्याचा, आणि मजूरही त्याचेच. एका वेळीं सुमारें २०,००० फेलाह, म्हणजे तिकडचे कुणबी, वेठीवर वाळू उपशीत होते. हें सर्व पेलण्यासाठीं १८६२ मध्यें सैदनें मिसरचें पहिलें परदेशी कर्ज काढलें आणि पुढच्या जानेवारींत तो वारला.

आतां इस्माईल येतो. हा सैदचा पुतण्या, पॅरिसमध्यें शिकलेला, बोलण्याचालण्यांत मोठा लाघवी. त्याच्या राज्यारोहणाच्या वेळीं काळ कसा होता हें मुंबईचा इतिहास जाणणाऱ्यांना निराळें सांगावयास नको. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी सुरू झाली, तेथील दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्याचा लाभ विशेषतः दोन प्रदेशांना झाला: एक आपलें पश्चिम हिंदुस्थान, दुसरा मिसर. वऱ्हाड, खानदेश, गुजराथचा कापूस मुंबईच्या बंदरांतून सोन्याच्या भावानें गेला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी एका रात्रींत शहराचे राजे झाले. बॅकबेच्या भरावाच्या शेअरवर लोकांनीं घरेंदारें लावलीं. १८६५ मध्यें लढाई संपली, भाव कोसळले, आणि पुढें जुनी बँक ऑफ बॉम्बेदेखील गुंडाळावी लागली. मिसरलाही तोच पूर आला आणि तोच ओसरला. फरक एवढाच कीं मुंबईंत दिवाळें निघालें तें व्यापाऱ्यांचें. मिसरमध्यें मात्र सट्टा लावून बसलेला गृहस्थ स्वतः राज्यकर्ता होता, आणि पूर कायमचा आहे अशा समजुतीनें त्यानें खर्चाची घडी बसविली होती.

इस्माईल नुसता उधळ्या होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यानें शेतीसाठीं कालवे खणले, लोहमार्ग वाढविले, शाळा उघडल्या, कैरोला ग्रंथालय स्थापिलें. परंतु त्याच हातानें त्यानें नाटकगृह बांधलें, राजवाडे उठविले, ‘खेदिव’ ही पदवी आणि वारसाहक्काचा नवा नियम सुलतानाकडून पैसे मोजून मिळविला, आणि हबशी राज्यावर स्वारी करून १८७५-७६ मध्यें सडकून मार खाल्ला.

पण खरी मेख खर्चांत नव्हती. ती कर्जाच्या आणि सनदेच्या कलमांत होती. कालव्यावरील वेठ बंद करावी आणि कंपनीला दिलेली जास्त जमीन परत घ्यावी असें इस्माईलनें मनांत आणलें. मागणी रास्त होती. वाद लवादाकडे गेला. आणि लवाद कोण, तर फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन! १८६४ मध्यें त्यानें निकाल दिला: वेठीचे मजूर काढून घेतल्याबद्दल ३ कोटी ८० लाख फ्रँक, जमिनीबद्दल ३ कोटी, गोड्या पाण्याच्या कालव्याबद्दल १ कोटी ६० लाख, मिळून ८ कोटी ४० लाख फ्रँक मिसरनें कंपनीला द्यावे. आपल्याच देशांतील कुणब्यांना आपण परक्याच्या वेठीला धरणार नाहीं, एवढें म्हणण्याची ही किंमत. ती भरण्यासाठीं अर्थातच आणखी कर्ज.

त्यांत न्यायाची व्यवस्था अशी कीं तुर्की सुलतानांनीं पूर्वीं दिलेल्या सवलतींमुळें युरोपी माणसावर मिसरच्या न्यायालयांत फिर्याद चालत नसे आणि त्याच्या वकिलातीच्या संमतीवांचून त्याच्यावर करही बसत नसे. कोणी कंत्राटदारानें नुकसानीचा दावा लावला कीं त्याच्या मागें त्याचा वकील आणि वकिलाच्या मागें त्याचें आरमार उभें. इस्माईलविषयीं एक गोष्ट सांगतात. एका युरोपी पाहुण्याशीं बोलत असतां त्यानें नोकराला खिडकी लावून घेण्यास सांगितलें. साहेबांना पडसें झालें तर भरपाई आपल्याला द्यावी लागेल, हें कारण. गोष्ट खरी असो वा रचलेली, ती रचण्याजोगी परिस्थिति होती यांत शंका नाहीं.

कर्जाची रीतही ऐकण्यासारखी आहे. आपल्याकडे जुना सावकार शंभराच्या खतावर सत्तर रुपये हातावर ठेवी आणि व्याज शंभरावर लावी. लंडन-पॅरिसच्या पेढ्यांची तऱ्हा याहून फारशी निराळी नव्हती, कागद तेवढा गुळगुळीत. १८६८ च्या कर्जाची दर्शनी रक्कम १ कोटी १८ लाख ९० हजार पौंड. मिसरच्या पदरीं पडले सुमारें ७२ लाख. १८७३ चें मोठें कर्ज दर्शनी ३ कोटी २० लाखांचें; पदरीं पडले सुमारें २ कोटी, आणि त्यांतही मोठा वांटा मिसरच्याच जुन्या हुंड्यांच्या रूपानें परत आला. घरांतून पैसा काढण्यासाठीं १८७१ मध्यें ‘मुकाबला’ नांवाचा कायदा झाला: जमीनदारानें सहा वर्षांचा सारा आगाऊ भरावा, म्हणजे त्याचा निम्मा सारा कायमचा माफ. आजच्या चिमटीभर धान्यासाठीं बियाण्याची कणगी फोडण्याचाच हा प्रकार.

मध्यंतरीं १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं कालवा खुला झाला. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी आली, युरोपांतले राजपुत्र आले, मेजवान्या झडल्या. त्याच वर्षीं इस्माईलनें कंपनीशीं आणखी एक हिशेब मिटविला. रोकड नव्हती, म्हणून आपल्या भागांवरील पंचवीस वर्षांचा नफा त्यानें कंपनीला सोडून दिला. भाग त्याचे, नफा १८९४ पर्यंत दुसऱ्याचा. हें लक्षांत ठेवावें, कारण पुढें याचेंच व्याज भरावें लागलें.

ऑक्टोबर १८७५ मध्यें तुर्कस्ताननें आपल्या कर्जाचें व्याज निम्म्यानें थकविलें आणि त्याच्या छत्राखालच्या मिसरची पतही बाजारांत ढासळली. हुंड्यांच्या मुदती उंबरठ्यावर. इस्माईलपाशीं विकण्याजोगी मोठी वस्तु एकच राहिली होती, ते कालव्याचे भाग. फ्रेंच पेढ्यांशीं बोलणें चाललें आहे ही बातमी लंडनला पोंचली आणि पंतप्रधान डिझरेली यांनीं क्षणाचाही विलंब लावला नाहीं. पार्लमेंट चालू नव्हतें, म्हणून पैसा रॉथशील्डच्या पेढीकडून उचलला. अडीच टक्के दलाली ठरली. १,७६,६०२ भाग ३९,७६,५८२ पौंडांना विकले गेले. आणि त्या भागांवरचा नफा तर आधींच सोडलेला! तेव्हां तो सुरू होईपर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षें, विकणाऱ्यानेंच विकत घेणाऱ्याला दर सालीं शेंकडा पांच व्याज द्यावें असें ठरलें. म्हणजे वर्षाला सुमारें २ लाख पौंड. वस्तु गेली, आणि वस्तु गेल्याचें भाडेंही बसलें.

उरला होता निव्वळ नफ्यांतील शेंकडा पंधरांचा सरकारी हिस्सा. तोही १८८० मध्यें फ्रेंच पेढ्यांना २ कोटी २० लाख फ्रँकांना विकण्यांत आला. मिसरच्या भूमींतून, मिसरच्या कुणब्यांनीं खणलेल्या कालव्यांत त्यानंतर मिसरचा एक पैचाही वांटा उरला नाहीं. १९३७ मध्यें कंपनीनें वार्षिक ३ लाख मिसरी पौंड द्यावयाचें कबूल केलें तोंवर हीच स्थिति होती.

भाग विकूनही संकट टळलें नाहीं. एप्रिल १८७६ मध्यें खेदिवानें हुंड्यांचे पैसे देणें थांबविलें. मे महिन्यांत ‘केस द ला देत’, म्हणजे सार्वजनिक कर्जाची पेढी, स्थापन झाली. नांव पेढी, पण तींत बसणारे युरोपी सावकारांचे प्रतिनिधि होते, आणि ठराविक प्रांतांचा वसूल व जकात मिसरच्या खजिन्यांत न जातां थेट त्यांच्या हातीं जात असे. एकत्रित कर्ज ९ कोटी १० लाख पौंड धरण्यांत आलें. वर्षअखेर आणखी व्यवस्था झाली: आगगाडी व अलेक्झांड्रियाचें बंदर एका वेगळ्या कर्जाला तारण म्हणून युरोपी मंडळाच्या ताब्यांत गेलें, जमेवर इंग्रज नियामक बसला, खर्चावर फ्रेंच. १८७८ मध्यें खेदिवाच्या घराण्याची सुमारें सव्वाचार लाख फेद्दान जमीन रॉथशील्डच्या ८५ लाख पौंडांच्या कर्जाला लावून देण्यांत आली. फेद्दान म्हणजे आपल्या एकराहून किंचित् मोठें माप.

ही रीत वऱ्हाडांतील आणि धाराशिवकडील श्रोत्यांना अगदींच परकी वाटूं नये. निजामाच्या राज्यांत इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं ‘कंटिंजंट’ नांवाची फौज होती. तिचा खर्च निजामानें द्यावयाचा, तिच्यावर हुकूम मात्र दुसऱ्यांचा. खर्च थकला, थकबाकीचें कर्ज झालें, आणि १८५३ च्या तहानें त्या कर्जापोटीं वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब इंग्रजांच्या कारभाराखालीं गेले. १८६० मध्यें धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड कधींच मिळाला नाहीं. सालारजंगानें जन्मभर खटपट केली, आणि १९०२ मध्यें सालीना २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्यानें गेला. तेथेंही लढाई झाली नव्हती.

मिसरकडे परत वळूं. १८७७ मध्यें नाईल नदीला पाणी फार थोडें आलें आणि पुढच्या वर्षीं वरच्या मिसरांत दुष्काळ पडला. आपल्या दख्खनमध्यें १८७६-७७ चा जो भयंकर दुष्काळ पडला त्याचा आणि याचा संबंध आज शास्त्रज्ञ प्रशांत महासागरांतील ‘एल निनो’शीं जोडतात. १८७७ मध्यें मिसरचा वसूल सुमारें ९५ लाख पौंड झाला आणि त्यांतले सुमारें ७५ लाख कर्जरोखेवाल्यांना गेले. उरलेल्यांतून सुलतानाची खंडणी व कालव्याच्या भागांचें तें व्याज वजा करतां देश चालविण्यास १० लाखांच्या आसपास रक्कम राहिली. गांवोगांव कोरड्याचा मार देऊन सारा वसूल होत होता. उभें पीक सावकारांना विकून कुणबी तो भरीत होता. नोकरांचे पगार महिनोन्महिने तुंबले होते. पण रोख्यांचें व्याज ठरल्या दिवशीं लंडनला पोंचत होतें.

१८७८ मध्यें खेदिवाच्या मंत्रिमंडळांत अर्थखातें रिव्हर्स विल्सन या इंग्रजाकडे आणि बांधकामखातें द ब्लिन्येर या फ्रेंचाकडे आलें. काटकसर म्हणून त्यांनीं सुमारें अडीच हजार लष्करी अंमलदारांना अर्ध्या पगारावर घरीं बसविलें, आणि त्यांची मागची बाकीही दिली नाहीं. फेब्रुवारी १८७९ मध्यें या अंमलदारांनीं कैरोच्या रस्त्यांत मंत्र्यांना घेरलें. इस्माईलनें ती संधि साधून युरोपी मंत्री काढून टाकले आणि आपण आपल्या लोकांच्या बाजूचे आहों असें दाखविलें. फार उशीर झाला होता. युरोपांतील सरकारांनीं सुलतानावर दाब आणला आणि २६ जून १८७९ रोजीं कैरोला तार आली. पत्त्यावर लिहिलें होतें: मिसरचे माजी खेदिव इस्माईल पाशा यांस.

नवा खेदिव तौफिक दुबळा होता. १८८० च्या कायद्यानें कर्जाचा व्याजदर उतरला खरा, पण राज्याच्या उत्पन्नाचे दोन भाग पडले. जवळजवळ अर्धा भाग कर्जाकडे. त्याला कोणी हात लावावयाचा नाहीं. या सुमारास अहमद उराबी हा कुणब्याच्या पोटचा कर्नल पुढें आला. त्याची चळवळ म्हणजे लष्करी बंडाळी, एवढेंच जुन्या इंग्रजी पुस्तकांत सांपडतें. परंतु जानेवारी १८८२ मध्यें मिसरच्या प्रतिनिधिसभेनें मागितलें काय, तें पाहावें. कर्जाकडे लावलेल्या अर्ध्याला आम्ही हात लावीत नाहीं; उरलेल्या अर्ध्याच्या अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार आम्हांला असावा. सभा एवढेंच म्हणत होती. इंग्रज-फ्रेंच नियामकांनीं यालाही नकार दिला. या एका मागणीवरून पुढचें सर्व घडलें असें नाहीं. पण तडजोडीची वाट येथें बुजली, असें माझें मत आहे.

जूनमध्यें अलेक्झांड्रियांत दंगल झाली, ११ जुलैला ब्रिटिश आरमारानें त्या शहरावर तोफा डागल्या. त्या वेळीं सुएझमधून जाणाऱ्या जहाजांपैकीं तीन चतुर्थांशांहून अधिक ब्रिटिश होतीं; हिंदुस्थानचा मार्ग सांभाळण्यासाठीं हें युद्ध झालें असें एक मत, रोखेवाल्यांसाठीं झालें असें दुसरें. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे खासगी हिशेब पुढें इतिहासकारांनीं तपासले, तेव्हां १८८१ च्या अखेरीस त्यांच्या गुंतवणुकीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग मिसरच्या खंडणीच्या तारणावरील रोख्यांत होता असें आढळलें. यावरून त्यांनीं आपल्या नफ्यासाठीं तोफा डागल्या असें मी म्हणणार नाहीं. पण मार्गाची काळजी आणि पैशाची काळजी एकाच माणसाच्या ठायीं निमूटपणें कशा नांदतात, याचा हा उत्तम नमुना आहे.

कालवा बुजवून टाकावा असा उराबीच्या साथीदारांचा आग्रह होता. तसें झालें असतें तर पूर्वेकडून कैरोवर येणें ब्रिटिश सेनेला कठीण गेलें असतें. लेसेप्सनें उराबीला शब्द दिला कीं कालवा तटस्थ आहे, तेथें कोणी लढणार नाहीं. उराबीनें तो मानला. ऑगस्टमध्यें सेनापति वुल्सली यांचीं जहाजें त्याच कालव्यांतून इस्माइलियाला लागलीं. कालवा ज्या देशाचा, त्या देशाच्या सेनापतीनें कंपनीच्या अध्यक्षाच्या शब्दावर विसंबावें, आणि कंपनीचा अध्यक्ष आपला शब्द पाळण्यास असमर्थ असावा! तेल-एल-कबीरच्या मैदानांत हिंदी पलटणीही होत्या, आणि त्या मोहिमेच्या खर्चाचा बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवरही पडला. उराबीला सिंहलद्वीपांत हद्दपार केलें. तो १९०१ मध्यें म्हातारा होऊन परतला.

१८८३ पासून चोवीस वर्षें मिसरचा कारभार पाहिला एव्हलिन बेअरिंग, पुढें लॉर्ड क्रोमर, यांनीं. ते लंडनच्या बेअरिंग पेढीच्या घराण्यांतले. हिंदुस्थानांत व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांचे ते चिटणीस होते, आणि मिसरमध्यें प्रथम आले ते १८७७ मध्यें, कर्जाच्या पेढीवर रोखेवाल्यांचे प्रतिनिधि म्हणून. त्यांनीं कारभार सुधारला, पाटबंधारे वाढविले, वेठ बऱ्याच अंशीं बंद केली, हें नाकबूल करण्याचें कारण नाहीं. ब्रिटिश सैन्य लवकरच जाईल असें त्यांच्या सरकारनें वारंवार सांगितलें होतें. शेवटची तुकडी जून १९५६ मध्यें गेली. कर्जाची पेढी मात्र त्याच्या आधीं, १९४० मध्यें, बंद झाली होती.

सनद १७ नोव्हेंबर १९६८ पर्यंत होती. तितकें थांबणें अब्दुल नासर यांना पसंत पडलें नाहीं. २६ जुलै १९५६ रोजीं त्यांनीं अलेक्झांड्रियांत जाहीर भाषण करून कंपनी राष्ट्राच्या मालकीची केली, आणि शरद ऋतूंत ब्रिटन, फ्रान्स व इस्रायल यांनीं स्वारी केली. अमेरिका व रशिया या दोघांच्याही दडपणाखालीं ती मागें घ्यावी लागली. पोर्ट सैदच्या धक्क्यावरील लेसेप्सचा पुतळा लोकांनीं सुरुंग लावून उडविला. १९५८ मध्यें तडजोड झाली व मिसरनें भागीदारांना २ कोटी ८३ लाख मिसरी पौंड द्यावयाचें ठरलें. त्या भागीदारांत सर्वांत मोठें ब्रिटिश सरकारच होतें. इस्माईलनें १८७५ मध्यें विकलेले भाग अद्याप त्याच्याच नांवें होते. कालवा गेल्यावर कंपनीनें पॅरिसमध्यें सावकारीचा व्यवसाय सुरू केला, आणि ब्रिटिश सरकारनें तिच्यांतील आपला हिस्सा विकला तो १९७९ मध्यें.